माझ्या डोक्याबद्दल तू विचारलंस

रविवार, ३ मार्च

चिंगे,

चपट्या डोक्याच्या माणसाच्या एकुलत्या एक बहिणी, आपल्या दोघांची एक तक्रार सामाईक आहे: माझं डोकं. मला ते दिसत नाही, कारण जे काही सपाट आहे ते मागे आहे. तू मात्र शाळेत जाताना रोज माझ्या मागून चालायचीस, त्यामुळे ते बघायचं काम तुझ्या वाट्याला आलं. पोरं मला 'फळी' म्हणायची आणि तुला 'फळीची बहीण'. मला निदान स्वतःचं टोपणनाव होतं, तुला तेसुद्धा माझं उतरलेलं घालावं लागलं. तेव्हा या विषयावर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे, हे आधीच मान्य करतो.

सहा वर्षांनी तुझा निरोप आला. फोन खिशात थरथरला तेव्हा मी बांधकामाच्या परांचीवर होतो. उंचीवर फोन काढायचा नाही हा नियम मीच कंत्राटदाराशी भांडून लावून घेतलाय, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळ काढली. खाली उतरलो, हात पुसले आणि उघडलं. "दादा, कसा आहेस? थोडी माहिती हवी होती." आणि मग प्रश्न. चालायला कधी लागलास, बोलायला कधी लागलास, शाळेत मागे का पडायचास, जबडा दुखतो का, डोकं दुखतं का, चष्म्याचा त्रास होतो का, लहानपणी पालथं झोपवलं असतं तर डोकं गोल राहिलं असतं असं आई कधी म्हणायची का. 'कसा आहेस' एवढं सोडलं तर त्यात माझ्याबद्दल काही नव्हतं. सगळं डोक्याबद्दल होतं.

शेजारी बसलेला वेल्डर म्हणाला, "काय रे, वॉरंट आलंय का?"

"बहिणीला बाळ झालंय."

"तिनं तसं लिहिलंय?"

"नाही. पण माझ्या चालण्या-बोलण्याची चौकशी आत्ताच कशाला करेल कोणी?"

तर अभिनंदन. मुलगा की मुलगी ते तू लिहिलं नाहीस, नाव लिहिलं नाहीस, किती दिवसांचं तेही नाही. पण बाळाचं डोकं मागून चपटं होतंय आणि तू घाबरली आहेस, एवढं मला तुझ्या प्रश्नांवरून कळलं. अंगठ्यानं काचेवर लिहिलेलं मला माझं वाटत नाही, म्हणून कागदावर उत्तरं देतो.

चालायला उशिरा लागलो. मावशी सांगायची की मी बसून सगळ्या घरावर लक्ष ठेवायचो आणि उठायचं नाव नाही. बोलायला त्याहून उशिरा लागलो, त्याची भरपाई अजून चालू आहे. शाळेत मागे पडलो हे खरं, पण शाळाही माझ्या फार मागे होती. मास्तर शिकवायचे त्याच्या दुप्पट मी वाचनालयाच्या पायरीवर बसून वाचायचो, पण त्याचे मार्क कोणी देत नाही. चष्मेवाला दर वेळी एक काडी गरम करून वाकवतो, कारण माझा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा पुढे आहे. कामावरचं हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, आतला पट्टा मी स्वतः कापून पुन्हा शिवलाय. जबडा ठणठणीत आहे, कामगार सभेतल्या माझ्या विरोधकांना विचार. डोकं एकदा फार दुखलं होतं, तुझ्या लग्नाच्या दिवशी. फोटोवाला यायच्या आधी तू माझ्या हातात टोपी ठेवलीस आणि म्हणालीस, "दादा, फोटोपुरती." मी टोपी खुर्चीवर ठेवली, दोन शब्द बोललो आणि निघालो.

आणखी एक परिणाम आहे. तो तू विचारला नाहीस. नवीन माणूस माझ्याशी बोलायला लागतो तेव्हा त्याची नजर एकदा माझ्या कानामागे जाऊन येते. अगदी पटकन. ती परत यायची मी वाट बघतो आणि मग बोलायला सुरुवात करतो. आयुष्यभर अशी वाट बघितल्यावर माणूस एक तर गप्प होतो, नाही तर माझ्यासारखा आधीच ओरडायला लागतो. याला तू आजार म्हणशील का, मला माहीत नाही. पण हा चपट्या डोक्याचा दोष नाही, बघणाऱ्या डोळ्यांचा आहे. आणि त्यावर उपचार बाळाला नाही, लोकांना द्यायला हवा!

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: आई पालथ्याबिलथ्याबद्दल काही म्हणायची नाही. ती एवढंच म्हणायची, "माझं लक्ष नव्हतं."

बाळाचं नाव कळव.

दादा


बुधवार, १३ मार्च

चिंगे,

तुझं उत्तर मिळालं. "दोन शब्द? माइक घेऊन अर्धा तास. सासूबाई उठून गेल्या. वाढप्यांनी टाळ्या वाजवल्या." ठीक आहे. विषय मोठा होता.

पण त्याखाली तू फोटो पाठवलास. मी पाणी पीत होतो, तसाच थांबलो. बाळाचा चेहरा नाही. वरून काढलेला, फक्त डोकं आणि त्यावरची पिसासारखे चार केस. आणि त्यावर तू मधोमध एक बारीक लाल रेघ मारलीस, नाकाच्या सरळ मागे, जशी तू कामावर दातांच्या साच्यावर मारतेस. रेघेच्या उजव्या अंगाला डोकं दबलेलं. तू लिहिलंस, "बघ किती फरक आहे."

कवळी करणारी बाई आहेस तू. समोरचा दात केसभर हलला तर तुला झोप येत नाही. आईच्या समईसारखी सरळ उभी असलेली वस्तूही तू दोनदा हलवून बघायचीस. तुझ्या हाताला सवयच ती, की मेण एका बाजूनं दाबलं गेलं तर दुसऱ्या बाजूनं दाबून सरळ करायचं. म्हणून तुझ्या निरोपातली पुढची ओळ वाचून माझ्या अंगावर काटा आला: "आता पालथं झोपवून बघतेय. मागचा भाग मोकळा राहिला की आपोआप भरून येईल."

मला यातलं काही कळत नाही. वाचनालयातून शरीरशास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि हाडांची नावं पाठ झाली, एवढंच. मग कामगारांच्या दवाखान्यात गेलो. आठवड्यातून एकदा तिथे लहान मुलांच्या डॉक्टर येतात, उंच, चपला वाजवत चालणाऱ्या. रांगेत बाळं घेतलेल्या बायका आणि मधे मी, हेल्मेट मांडीवर घेऊन. एका बाळानं त्यालाच हात घातला. माझा नंबर लागला.

"बाळ कुठेय?"

मी फोन पुढे केला.

"कुणाचं?"

"माझं भाचरू."

"भाचा की भाची?"

"ते अजून कळवलेलं नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "फोटोवरून मी काही सांगणार नाही. बाळ घेऊन या."

"बाळाची आई माझ्याशी बोलत नाही, डॉक्टर."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"ती मला विचारतेय म्हणून."

त्या हसल्या आणि खुर्ची दाखवली. त्या जे बोलल्या ते मी तिथेच हेल्मेटच्या आत पेन्सिलीनं लिहून घेतलं, कारण कागद नव्हता. तुला जसंच्या तसं सांगतो आणि माझ्या पदरचं एक अक्षर घालत नाही. माझ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, तुला माहीत आहे.

बाळाची कवटी मऊ असते. ते एकाच बाजूवर टेकून राहिलं की तिथे सपाट होते. बहुतेक वेळा बाळ बसायला-रांगायला लागलं की टेकणं कमी होतं आणि आकार बराच सुधारतो. थोडं राहिलं तर केसांखाली झाकलं जातं. क्वचित कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, ती निराळी गोष्ट आहे. ती हात लावून तपासावी लागते, म्हणूनच बाळ दाखवायला हवं.

मी तुझा प्रश्न विचारला. "आणि पुढे? चालायला, बोलायला उशीर? शाळा?"

"काही अभ्यासांत अशी काही मुलं थोडी मागे दिसली आहेत," त्या म्हणाल्या. "पण डोकं चपटं झालं म्हणून मागे पडली, की हालचाल कमी होती म्हणून एका जागी पडून राहिली आणि त्यामुळे डोकं चपटं झालं, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. चपटं डोकं दिसलं की बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवायचं. घाबरायचं नाही."

"म्हणजे माझं चालणं उशिरा—"

"तुमचं मी कसं सांगू? तुम्ही त्या वेळी माझ्याकडे आला नव्हतात." मग म्हणाल्या, "डावीकडे बघा."

"बघतोय."

"मान वळवा. कंबर नको."

चिंगे, मान वळेना! उजवीकडे घुबडासारखी फिरते, डावीकडे अर्ध्यावर अडते. त्यांनी बोटानं मानेच्या एका शिरेवर दाबलं. तिथे दोरखंडासारखा ताठ स्नायू आहे. त्या म्हणाल्या, जन्मापासूनचा असू शकेल, कदाचित म्हणूनच मी बाळ असताना एकाच बाजूला तोंड करून पडायचो. मानेचं असं असेल तर तान्हेपणी साध्या व्यायामांनी बहुतेक मोकळी होते. तुझ्या बाळाचीही मान बघायला हवी. तसं असेलच असं नाही, पण बघायला हवी.

वेल्डरला हे सांगितलं तर तो हसून लोळायचा बाकी राहिला. "म्हणूनच! डावीकडे बसणारे म्हणतात, साहेब आमच्याकडे बघतच नाहीत!" वीस वर्षं कामगारांच्या सभा घेतोय, चिंगे. डाव्या बाजूची सगळी माणसं मला गर्विष्ठ समजत होती.

आता नीट ऐक, हे त्यांनी दोनदा सांगितलं. झोपेत बाळ कायम उताणं. दिवसा, रात्री, डुलकी असो की गाढ झोप. डोक्यासाठी म्हणून पालथं झोपवायचं नाही, त्यानं झोपेतच श्वास थांबून बाळ दगावण्याचा धोका वाढतो. डोक्याखाली उशी नाही, कापडाची गुंडाळी नाही. पालथं खेळवायचं ते जागं असताना, समोर कोणी बसलेलं असताना. डोकं टेकण्याची बाजू बदलत राहायची, जास्त वेळ कडेवर घ्यायचं. मी म्हटलं, "आई रात्रभर जागी बसून लक्ष ठेवत असेल तर?" त्या म्हणाल्या, "आईला झोप लागतेच."

पुढच्या सोमवारी सकाळची वेळ तुझ्यासाठी सांगून ठेवलीय. मी तिथे नसेन. तुला अवघडायला नको.

दादा


गुरुवार, २१ मार्च

चिंगे,

सोमवारी तू गेली नाहीस. डॉक्टरांनी निरोप दिला, एवढंच म्हणाल्या, "वेळ ठेवते." मी रागावून पत्र लिहायला बसणार होतो. तेवढ्यात तुझ्या नवऱ्याचा फोन आला.

त्याचा आवाज मी लग्नात एकदाच ऐकला होता. भट्टीसमोर उभं राहून पाव भाजणारा माणूस, कमी बोलतो. सुरुवातीला दोनदा फक्त "हं, दादा" म्हणाला. मागे ट्रे आपटत होते. मग म्हणाला, "ती ऐकत नाही माझं. दिवसरात्र बाळाला पालथं झोपवते आणि स्वतः शेजारी बसून राहते. जेवत नाही धड. मंगळवारी मी घरी आलो तर तिचं डोकं पाळण्याच्या कडेला टेकलेलं, गाढ झोपलेली. आणि बाळ तोंड खाली."

मी काही बोललो नाही. खरंच.

"मी उचललं. काही झालं नव्हतं, रडलं लगेच. मग ही पण रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"ती म्हणते काय?"

मागे पुन्हा ट्रे आपटला. मी म्हटलं, "जावईबुवा, बोला. मला माणसांनी याहून वाईट बोललेलं आहे."

"ती म्हणते, पोरीला दादासारखं आयुष्य नको."

म्हणजे मुलगी आहे. अशा रीतीनं मला ते कळलं.

चिंगे, मी या वाक्यावर कालपासून तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. परांचीवर पाइप आवळताना भांडलो, बसमध्ये भांडलो, एवढा की समोरची बाई जागा सोडून गेली. सगळे मुद्दे माझ्या बाजूनं होते. घरी आलो, कुलूप काढलं, आणि मुद्दे संपले. खोलीत एक खुर्ची आहे. दुसरी होती, तिच्यावर पुस्तकं ठेवता ठेवता ती कपाट झाली. एक ताट, एक पेला, दुसरा फुटला तो आणला नाही, कोणासाठी आणायचा? मैदानात हजार माणसं माझ्या एका वाक्यावर उभी राहतात आणि सभा संपली की प्रत्येकजण कोणाचा तरी हात धरून घरी जातो. मी माइकवाल्याला वायर गुंडाळायला मदत करतो, कारण त्यालाही घाई नसते. हे तू बघितलं नाहीस, तरी तुला बरोबर माहीत आहे. तुझं वाक्य खोटं नाही. तुझ्या मुलीला असं आयुष्य मिळू नये, हीच माझीही इच्छा आहे.

पण ते डोक्यातून आलेलं नाही! माणसाच्या एकटेपणाला एवढं सोपं कारण असतं तर मी गोल डोक्याच्या सगळ्या लोकांना सुखी बघितलं असतं. मी एकटा आहे, कारण मी दोन माणसं दिसली की सभा समजतो. घरच्या माणसाशी बोलतानाही मला पटवायचंच असतं, जिंकायचंच असतं, आणि हरलेलं माणूस शेजारी बसायला येत नाही. याला कवटी काय करणार?

आणि तू एकटी आहेस. नवरा पहाटे भट्टीवर, सासरचे दूर, मैत्रिणी कामावर. दिवसभर त्या खोलीत तू, ते बाळ आणि फोन. फोनमध्ये अनोळखी आया एकमेकींना घाबरवतात. रस्त्यात म्हातारी थांबून म्हणते, "अगं बाई, डोकं बघ कसं झालंय, लक्ष नाही वाटतं?" त्या म्हातारीला मी ओळखतो. तीच आपल्या आईलाही म्हणाली होती. आई शिलाईच्या मशीनवर वाकून दुसऱ्यांचे कपडे शिवायची आणि मी शेजारी लाकडी खोक्यात पडलेला असायचो. घरात तिसरं माणूस नव्हतं. तिनं मला हातात घ्यायचं कधी? मशीन कोणी चालवायचं? पण कोणी तिला असं विचारलं नाही की बाई, तुझ्या मदतीला कोण आहे. सगळ्यांनी विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं. आणि ती बिचारी जन्मभर त्याचंच उत्तर देत राहिली. शेवटच्या आजारपणातही माझा चष्मा सरळ करायची आणि म्हणायची, "माझ्यामुळे." माझ्या मानेतली ती ताठ शीर तिला कोणी दाखवली असती तर!

म्हणून सांगतो, यात तुझं काही चुकलेलं नाही. बाळ उताणं झोपवलंस म्हणून तिचं डोकं दबलं असेल, तर तू तिचा श्वास राखत होतीस. ते बरोबर होतं. तेच पुन्हा करायचं आहे. चपटं डोकं घेऊन माणूस जगतो, भांडतो, म्हातारा होतो, बहिणीच्या लग्नात तमाशा करतो. मी पुरावा आहे. श्वास गेला तर पुरावा द्यायलाही कोणी उरत नाही.

मेण आणि बाळ यांत फरक आहे, चिंगे. मेणाला नाक नसतं.

दादा


शनिवार, २३ मार्च, दुपार

चिंगे,

हे मी तुझ्या दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून लिहितोय. सकाळी तुझ्या नवऱ्याचा फोन आला, माझं पत्र फळीवर तसंच बंद पडलंय म्हणून. त्याला भट्टी सोडून येता येत नाही. मी अर्धा दिवस टाकला आणि आलो.

बेल वाजवली नाही, बोटानं टकटक केली. तू दाराशी आलीस. मला तुझी सावली फटीखाली दिसली.

"कोण?"

"मी."

कडी हलली, पण निघाली नाही. मग, "कशाला आलास?"

"ती झोपलीय का?"

"आत्ताच झोपलीय. हळू बोल."

"कशी झोपलीय?"

सावली फटीपासून मागे सरकली. मी म्हटलं, "चिंगे, कशी झोपलीय?" माझा आवाज वाढला असणार, कारण खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एक गृहस्थ बनियनवर बाहेर येऊन बघून गेले.

"जा दादा," तू म्हणालीस. "तू बोलायला लागलास की मला काहीच सुचत नाही. लहानपणापासून. आता नको. ती उठेल. मला भाषण नको."

बरोबर आहे. म्हणून मी तोंड मिटलं आणि कागद काढला. एवढं आयुष्य बोलण्यात गेलं, आणि आज तू कधी नाही ते मला गप्प बसवलंस तर गुडघ्यावर कागद धरून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर क्षमा कर.

तुला झोप नाही, हे दारातून कळतं. तुझं बोलणं शेवटी शेवटी अडखळतंय, आई तापात बोलायची तसं. तू पाळण्याशेजारी बसून डोळे उघडे ठेवशील असं तुला वाटतंय. मंगळवारीही वाटलं होतं. तू कमी पडलीस असं मी म्हणत नाही. कोणतंच माणूस तेवढं पुरं पडत नाही. परांचीवर मी असाच एक जण बघितलाय, दोन पाळ्या सलग केलेला. तो म्हणत होता, मी जागा आहे, आणि म्हणता म्हणता त्याचा हात सुटला. दोरी बांधलेली होती म्हणून वाचला. तुझ्या मुलीला दोरी नाही. तिला फक्त तिची पाठ आहे.

मी तुला दार उघडायला सांगायला आलो नाही. मी तिला बघायलाही आलो नाही, बघायची इच्छा किती आहे ते लिहीत नाही. टोपी, लग्न, सासूबाई, डाव्या बाजूची माणसं, डॉक्टर, मान, मी तुझ्याशी वागलो ते, तू माझ्याशी वागलीस ते, यातलं काही आत्ता ठरवायचं नाही. तुला मी चुकीचा वाटत असेन तर चुकीचा असू दे. माझ्याशी पुढची सहा वर्षं बोलू नकोस. माझं आयुष्य तिला मिळू नये म्हणून तुला जे करायचं ते सगळं कर, पण ते ती जागी झाल्यावर कर.

कागद दाराखालून सरकवतोय. मी पायरीवरच आहे, आवाज करणार नाही. हा कागद हातात धरून उभी राहू नकोस. आत जा. तिच्या मानेखाली एक हात घाल, कुल्ल्याखाली दुसरा, आणि तिला उताणं कर. उठली, रडली तरी चालेल. ती रडलेली मला इथे ऐकू येऊ दे.

जा, चिंगे. आत्ता.